तापलेल्या गाडीची साक्ष

बार्शी,
६ ऑक्टोबर २०२५

चि. जोतिराम यास,

आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. तुझ्याकडेही तसेच असावे. नसते तर तुझ्या आईने मला ते कळवले नसते, सुनावले असते.

चार वर्षांनी माझे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. दूरध्वनी मी दोनदा केला. तू उचलला नाहीस, आणि न उचलण्याचे कारण मी विचारणार नाही. मोडनिंबला गेलो होतो तेव्हा गोजाबाईकडे, तुझ्या आईकडे, तुझा विजापूरचा पत्ता मागितला. ती म्हणाली, "कशाला पायजे? अजून काय लिवायचं ऱ्हायलंय का तुजं?" पत्ता मात्र तिने दिला. स्वतःच्या हाताने, वहीचा कागद फाडून.

यंदा सीताफळ बरे आहे. सप्टेंबरच्या पुरातून आपली बाग वाचली, फळाचे डोळे मोठे झाले आहेत. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गाडी मी चालवत नाही. सांगोल्याकडचा धुळाप्पा नावाचा चालक या वर्षीपासून ठेवला आहे. मनुष्य प्रामाणिक आहे; बोलतो फार.

आता मूळ विषय. आपल्या पिकअपचा क्लच गेल्या पंधरवड्यात बिघडला आहे. लक्षणे अशी : सकाळी गाडी थंड असताना काही तक्रार नसते. माल भरून आठ-दहा किलोमीटर गेले की पेडल वर-वरच कडक होते. चढ लागला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. जळका वास येतो. तासभर उभी केली की गाडी पुन्हा निर्दोष होते.

ही लक्षणे तुला परिचित वाटतील. ऑक्टोबर २०२१ मध्ये येडशीकडच्या चढावर याच गाडीत हेच घडले होते. त्या वेळी गाडीत तू बसवलेली, कंपनीची नसलेली, क्लच दाबून धरणारी जड प्रेशर प्लेट होती, आणि दोष त्या प्लेटीचा व ती बसवणाऱ्या कामाचा आहे असा निष्कर्ष मी काढला होता. सोलापूरच्या वर्कशॉपने ती काढून कंपनीची प्लेट बसवली आणि दोष नाहीसा झाला. आज गाडीत कंपनीचीच प्लेट आहे. तरीही लक्षणे तीच आहेत. माझ्या त्या वेळच्या निष्कर्षापुढे यामुळे एक अडचण उभी राहते, हे मी मान्य करतो.

श्रीपूरच्या प्रकरणाविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. मला केवळ तुझे तांत्रिक मत हवे आहे. बार्शीचा सिद्धप्पा मिस्त्री सरळ प्लेट बदलू म्हणतो. मी त्याला थांबवले आहे.

उत्तर देणे तुला बंधनकारक नाही.

तुझा मामा,
हिंदुराव

———

विजापूर,
१४/१०/२५

मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाटलं फाडून टाकावं. मग वाटलं, गाडीनं काय पाप केलंय? म्हणून जॉबकार्डाच्या पाठीवर लिहितोय, दुसरा कागद इथं नाही. इथं मालक कन्नड, गिऱ्हाईक कन्नड, मी शिव्यासुद्धा आता कन्नडमधून देतो. आईला सांगू नका.

मामा, सिद्धप्पाला प्लेट अजिबात काढू देऊ नका. आधी हे करा.

गाडीत मागं टाकी ठेवून पाणी भरा, हजार लिटर. गाडी चढावर तापवा. क्लच घसरायला लागला की तिथंच थांबवा. हँडब्रेक, चाकांना दगड. पेडलवर कुणाचा पाय नको. मग गिअरबॉक्सच्या अंगाला खालचा सिलिंडर आहे, त्याला छोटं निपल आहे, दहाच्या पान्यानं ते अर्धा आटा खोला. डोळे सांभाळा. पाय नसताना तेल जोरात उडालं तर समजायचं की नळीत दाब अडकून बसलाय. निपल बंद करून लगेच गाडी चढवा. क्लचनं पकड धरली, तर प्लेटीचा काही संबंध नाही.

दाब अडकतो कसा तेही लिहितो. वरच्या सिलिंडरात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पाय काढला की तेल त्यातून वरच्या तेलाच्या बाटलीत परत जातं. आतलं रबरी वायसर फुगलं की ते भोक बुजतं. मग तेल परत जात नाही, तापलं की आणखी फुगतं, आणि कुणी पेडल दाबलेलं नसताना क्लच अर्धा दाबल्यासारखा राहतो. अर्धा दाबलेला क्लच जळणारच की.

आणि एक सांगतो, हे तेव्हाच सांगायचं होतं, पण तुमच्यापुढं माझी जीभ चालत नाही. जड प्लेटीचं दुखणं वेगळं असतं. तिची स्प्रिंग कडक, ती दाबायला जास्त जोर लागतो. सिलिंडर जुना असला तर तेल गळतं, पेडल खाली बसतं, क्लच सुटत नाही, गिअर पडत नाही. म्हणून तर मी तेव्हा वरचा-खालचा दोन्ही सिलिंडर नवे टाकले होते. पण जड प्लेट *धरायला* कधी कमी पडत नाही मामा, ती धरण्यासाठीच जड असते. तुमची गाडी घसरत होती. म्हणजे उलटं दुखणं.

वायसर आपोआप फुगत नाही. बाटलीत ब्रेक ऑइल सोडून दुसरं तेल गेलं तरच फुगतं. चार वर्षांपूर्वी येडशीच्या वाटेवर मी तुम्हाला विचारलं होतं, बाटलीत काय घातलं का? तुम्ही म्हणालात, "अयोग्य असे काही घातलेले नाही." परत विचारतो. अयोग्य-योग्य मी ठरवीन. काय घातलं होतं?

तुम्ही श्रीपूरचं काढू नका म्हणता. मी काढतो. तिथल्या वाहतूकदार संघाच्या साठ गाड्यांचं क्लचचं काम मला मिळणार होतं. रावजी अध्यक्ष तुमचा विद्यार्थी. त्यानं तुमचं मत मागितलं, तुम्ही दोन पानी पत्र दिलं. सहा मुद्दे. ते बैठकीत वाचलं, तेव्हा मी दाराशी उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून मोडनिंबच्या गॅरेजवर एक गाडी आली नाही. ड्रायव्हर हायवेवरनं जाताना हॉर्न मारून ओरडायचे, "ए प्लेटजाळ्या!" पाटी मी स्वतः उतरवली.

मला तेव्हा एकच पाहिजे होतं. गाडी एकदा तापवून निपल खोलू द्या. तुम्ही म्हणालात, जळलेली प्लेट समोर असताना आणखी साक्षीची गरज नाही.

टेस्ट करा आणि कळवा.

जोतिराम

———

बार्शी,
२६ ऑक्टोबर २०२५

जोतिराम,

तुझ्या पत्रातील सूचनांप्रमाणे शनिवार, १८ ऑक्टोबरला परीक्षा घेतली. आधी तिचा वृत्तांत देतो. बाकीचे त्यानंतर.

टाकी भरून आम्ही येडशीचाच रस्ता धरला. तिसऱ्या चढावर इंजिन ओरडू लागले आणि गाडी रांगू लागली. धुळाप्पाने ती कडेला घेतली. मी पोते अंथरून खाली सरकलो, तसा तो ओरडला, "मास्तर, तुमी गाडीखाली? लोकं मला चपलानं हानतील की!"

"चाकांना दगड लावलेस का?"

"लावल्यात. दोन सांगितलं हुतं, चार लावल्यात. तुमच्या जिवाचं काय सांगता येतंय!"

निपल सापडायला मला वेळ लागला. अर्धा आटा फिरवताच तेल उडाले. चष्म्यावर, बाहीवर, कपाळावर. पेडलवर कोणाचाही पाय नव्हता. धुळाप्पा माझ्या शेजारी उकिडवा बसून पाहत होता. निपल आवळले. गाडी सुरू केली. तीच गाडी, तोच चढ, तेच हजार लिटर पाणी. तिने असा जोर धरला की धुळाप्पा म्हणाला, "आयला, म्हस सुटल्यावानी निघाली!"

सिद्धप्पाने वरचा सिलिंडर उघडला. नवे वायसर आणि आतून निघालेले वायसर त्याने माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, "बघा सर. ही लग्नातली अंगठी, अन् हे वीस वर्सांनंतरचं बोट. परत बसंल का?" त्याने दोन्ही सिलिंडरांची सर्व रबरे बदलली, नळी धुतली, नवे ब्रेक ऑइल भरले, हवा काढली. प्लेटीला हात लावला नाही. गाडी आता ठीक चालते. तुझे निदान अक्षरशः खरे ठरले.

जड प्लेट धरायला कमी पडत नाही, हे तुझे वाक्य मी अनेक वेळा वाचले. एकतीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. माझ्या सहा मुद्द्यांतील एकानेही हा साधा प्रश्न विचारला नव्हता की या कारणातून हे कार्य संभवते तरी का. नवी प्लेट आली आणि दोष आला. प्लेट गेली आणि दोष गेला. एवढ्यावर मी निकाल दिला. सोलापूरच्या वर्कशॉपने प्लेटीसोबत सिलिंडर आणि तेलही बदलले होते. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की परिणाम कोणत्या एकीचा हे सांगता येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे.

येथवर जे लिहिले त्यात मी एक चुकलेला प्राध्यापक दिसतो. येथेच थांबलो असतो तर तू कदाचित मला क्षमाही केली असतीस. परंतु तुझा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि या वेळी मी त्याला वळसा घालणार नाही.

बाटलीत स्टेअरिंगचे तेल मी घातले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये, तू काम केल्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी. बाटलीतील पातळी बोटभर कमी दिसली. तुला दूरध्वनी करणे सहज शक्य होते. मी विचार केला, तेलाचे काम दाब वाहून नेणे. दाब कोणतेही तेल वाहून नेते. शेडमधले तेल चालेल. रबराचा विचार माझ्या मनात आला नाही. एवढ्यासाठी भाच्याला विचारायचे, हेही मनाला पटले नाही. शेडमधल्या कॅनवर मी कागद चिकटवला आणि माझ्या अक्षरात लिहिले : "स्टेअरिंग व क्लच".

येडशीच्या वाटेवर तू विचारलेस तेव्हा मी जे उत्तर दिले ते माझ्या त्या वेळच्या समजुतीप्रमाणे असत्य नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. काय घातले ते मी सांगितले नाही, कारण तू "अरेरे मामा" म्हणाला असतास, आणि गाडी ओढायला आलेल्या क्रेनवाल्यासमोर म्हणाला असतास.

हेही अज्ञान म्हणून सोडून देता येईल. पुढचे येणार नाही.

सोलापूरच्या वर्कशॉपने गाडी परत देताना कामाची चिठ्ठी दिली. तिच्यावर २१ ऑक्टोबर २०२१ ही तारीख आहे. तिच्यातली चौथी ओळ अशी : "वरच्या सिलिंडरचे रबर फुगले होते. बाटलीत चुकीचे तेल. सर्व बदलले." ती ओळ मी त्याच दिवशी वाचली. तिचा अर्थ मला तत्काळ कळला. रावजीला दिलेल्या माझ्या पत्रावर २९ ऑक्टोबर ही तारीख आहे.

मध्ये आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत मी स्वतःशी बराच युक्तिवाद केला. रबर फुगणे हे कारण नसून सहघटना असू शकते, असे म्हटले. वर्कशॉपचा माणूस अशिक्षित आहे, असे म्हटले. प्लेट तर जळलीच होती, असेही म्हटले. युक्तिवाद चांगले होते, सवय होती. खरे इतकेच की दहावीत दोनदा अडलेल्या भाच्याचे निदान बरोबर आणि माझे चूक, हे माझ्याच विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहून देणे मला सोसवणारे नव्हते. चिठ्ठी मी घडी करून पाकिटात घातली आणि सहा मुद्दे लिहिले. सातवा मुद्दा त्या पाकिटात राहिला.

शेडमधल्या कॅनवरचा कागदही मी काढला नाही. काढला असता तर कोणीतरी विचारले असते, का काढला. चार वर्षे तो तसाच राहिला. यंदा धुळाप्पाने बाटली कमी पाहिली, माझे अक्षर वाचले, आणि विश्वासाने तेल घातले. मी त्याला विचारले, तसा तो गोंधळला. म्हणाला, "तुमीच लिवलंय की त्यावर! मास्तरांच्या अक्षराला कोन खोटं म्हननार?" गाडी दुसऱ्यांदा बिघडण्याचे कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तुला तांत्रिक मत विचारणारे पत्र लिहिले तेव्हाही होते. तू निदान करावेस आणि मी ते आत्ताच कळल्यासारखे स्वीकारावे, म्हणजे अर्ध्या कबुलीवर भागेल, अशी ती योजना होती.

गुरुवारी भाऊबीजेला मोडनिंबला गेलो. गोजाबाईने चार दिवाळ्या मला ओवाळलेले नाही. या वेळी ताट तयार ठेवले होते; तुझे पत्र आल्याचे मी तिला आधी कळवले होते, म्हणून. मी पाटावर बसलो नाही. उभ्यानेच तिला चिठ्ठीचे सांगितले, तारखांसह. तिने ऐकले.

"म्हंजे तुला म्हाईत हुतं."

"होय."

"पोरगं पाटी उतरवत हुतं, तवाबी?"

"तेव्हाही."

तिने निरांजन फुंकले नाही. ताट उचलून देवापाशी नेऊन ठेवले. परत आली आणि म्हणाली, "मला सांगून काय हुतंय, दादा? श्रीपूरला जा. आन् त्याला 'ये' म्हनून लिवू नगंस. त्यानं यावं असं तू काय केलंस, तेवढं लिव."

काल श्रीपूरला गेलो. ऊस हंगामापूर्वीची संघाची बैठक होती. रावजीने मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी उभा राहून २०२१चे माझे पत्र मागे घेत असल्याचे निवेदन वाचले आणि चिठ्ठीची चौथी ओळ वाचली. चाळीसेक माणसे असतील. वाचन सुरू असतानाच रावजी हळूच म्हणाला, "सर, आता हे वाचायलाच पाहिजे का? झालं-गेलं." मी शेवटपर्यंत वाचले.

मग मागच्या बाजूचा एक वयस्क ड्रायव्हर उठला. "मास्तर," तो म्हणाला, "चार वर्सं आमी त्याला प्लेटजाळ्या म्हनलो. हॉर्न मारून म्हनलो. आता आमी हे तोंड कुटं धुवायचं?" दुसरा कोणी म्हणाला, "आदी मास्तरांना विचारा, ते कुटं धुतायत!" हशा झाला. तो योग्य होता. मी खाली बसलो.

वस्तुस्थिती तुझ्यापासून लपवत नाही. साठ गाड्यांचे काम तीन वर्षांपासून दुसऱ्या गॅरेजकडे आहे आणि तेथे समाधानकारक चालू आहे. ते त्यांच्याकडून काढून घेण्याचे कारण रावजीकडे नाही. मीही सुचवले नाही. माझे निवेदन इतिवृत्तात नोंदले गेले. याहून अधिक काही घडले नाही. तुझी चार वर्षे, तुझे गिऱ्हाईक, हायवेवरची ती जागा यांपैकी काहीही माझ्या निवेदनाने परत आलेले नाही.

सोबत वर्कशॉपची मूळ चिठ्ठी जोडली आहे. तिची प्रत मी ठेवलेली नाही. ती कोणाला दाखवायची आणि कोणासमोर वाचायची, हे तू ठरव. माझ्या नावाची भीड धरू नकोस.

तुझ्या आईने विचारले होते, तू यावेस असे मी काय केले. जे केले ते वर लिहिले आहे. त्यातून 'तू ये' हा निष्कर्ष निघत नाही. मी तो काढत नाही.

तुझ्या आईचा भाऊ,
हिंदुराव